दगड तापवला नाही

तो दगड फुटका होता, आणि हे मला लिलावाच्या दोन महिने आधीपासून माहीत होतं. एवढं एक वाक्य मी तेव्हा चार माणसांसमोर बोललो असतो, तर आज हे लिहायची वेळ आली नसती. बोललो नाही. आता वय ऐंशीच्या घरात आहे, तरी लिहितो आहे, कारण गेल्या दिवाळीला आमच्या गावच्या सोसायटीने एक स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर हार घातलेले जुने चेअरमन. आत सोसायटीच्या कामांची यादी, आणि त्यात एक ओळ : "संस्थेची पिठाची गिरणी जाहीर लिलावाने विकण्यात आली, परंतु खरेदीदारास ती चालवता न आल्याने बंद पडली."

चालवता न आल्याने! मी ती ओळ वाचली आणि पुस्तक भिंतीवर फेकलं. सून स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं मी पडलो.

ती ओळ खोटी आहे. आणि ती लिहिणाऱ्या पोराला दोष देता येत नाही, कारण त्याने ती सोसायटीच्या जुन्या रजिस्टरावरून लिहिली. रजिस्टरात तिचं मूळ मी लिहिलं होतं. अक्षर माझं आहे.

आमचं गाव कर्जत तालुक्यातलं, ज्वारीचं. नव्वदीच्या सुरुवातीला, जिल्ह्याला अहमदनगरच म्हणायचे तेव्हा, गावात गिरणी एकच होती, सोसायटीची, आणि तिच्यावर सतरा वर्षं मी होतो. गावभर मला आप्पा म्हणत. माझं अक्षर चांगलं, म्हणून सोसायटीचे ठराव, नोटिसा, याद्याही माझ्याकडून लिहून घेत. दळणारा मीच आणि लिहिणाराही मीच. या दोन्ही गोष्टी एका माणसाकडे असू नयेत, हे आता कळतं.

गिरणीत दोन गोल दगड असतात, एक स्थिर आणि एक फिरता, आणि दोन्ही लोखंडी कवचात बंद. धान्य वरच्या पत्र्याच्या पेटीतून खाली येतं. त्या पेटीच्या तोंडाशी मी एक लोहचुंबक बसवला होता. आमच्याकडे तेव्हा खळ्यावर बैलांच्या पायाखाली मळणी व्हायची आणि बैलांच्या नालेचे खिळे ज्वारीत यायचे. चुंबक ते धरून ठेवायचा. पण चुंबकाला खिळे, तारा चिकटल्या की धान्य सावकाश उतरतं. त्या वर्षी दिवाळीच्या गर्दीत बाया डोक्यावर डबे घेऊन दारापर्यंत उभ्या होत्या, आरडाओरडा चालला होता, म्हणून मी चुंबक काढून खिशात टाकला. दुपारपर्यंत सगळं सुरळीत. मग बंदुकीसारखा आवाज आला. नालेचा एक खिळा दगडात गेला होता. पट्टा उतरवून कवच उघडलं, तर फिरत्या दगडाच्या तोंडाचा तळहाताएवढा टवका उडालेला.

चूक माझी. ती त्या दिवशी कबूल केली असती तर चेअरमनने शिव्या दिल्या असत्या, फार तर दोन-तीन महिन्यांचा पगार कापला असता. मी लोकांना "मोटर जळाली, उद्या या" असं सांगून घालवलं, जुन्या दगडाचा चुरा सिमेंटात कालवला आणि तो खड्डा भरला. वरून टाकी मारली. टाकी म्हणजे छिन्नीने दगडाच्या तोंडाला बारीक खाचा पाडणं, त्याशिवाय दगड दळत नाही. दिसायला दगड नवा दिसत होता.

पण सिमेंट हे सिमेंटच. दगड गार असेपर्यंत ते धरतं. दीड-दोन पोती दळून दगड तापला की सुटायला लागतं, भुगा पिठात उतरतो आणि भाकरी दाताखाली कचकचते. म्हणून मी थोडं दळायचो, थांबायचो, दगड निवू द्यायचो. कुणी विचारलं तर लाईटीचं कारण सांगायचो. दोन महिन्यांत तीनदा तो खड्डा पुन्हा भरला. म्हणजे तो दगड कधी धरतो आणि कधी सोडतो हे या पृथ्वीवर एकट्या मला ठाऊक होतं.

अशात सोसायटीला खताच्या गोदामासाठी ती शेड हवी झाली. गिरणी लिलावात काढायचं ठरलं. चेअरमनने मला यादी करायला बसवलं. मोटर, पट्टा, पत्र्याची पेटी, वजनकाटा. मी एकेक लिहीत गेलो. दगडाशी आलो आणि पेन थांबलं.

चेअरमन म्हणाले, "का रं, काय झालं?"

"काही न्हाई," मी म्हणालो आणि लिहिलं : दगड एक जोडी, उत्तम स्थितीत.

यादी चावडीच्या फळ्यावर लागली. दोन दिवसांनी चेअरमन एकटेच शेडवर आले. माणूस बसला की आधी पान काढायचा, त्या दिवशी काढलं नाही.

"आप्पा, ही गिरणी माझ्या मेव्हण्याला घ्यायची हाय. घरची गोष्ट हाय, खरं सांग. दगड कसा हाय?"

घरची गोष्ट म्हटल्यावर मी खरं बोललो. हे वाक्य नीट वाचा. घरची म्हटल्यावर बोललो. खिळ्यापासून सिमेंटपर्यंत सगळं सांगितलं. मला वाटलं आता हा यादी फाडतो. तो नुसता हसला.

"बरं झालं सांगितलंस. मेव्हण्याला नको म्हणतो."

"आन यादी?"

"यादीला काय झालं? चांगलं अक्षर हाय. ऱ्हाऊ दे."

तेवढ्यावर विषय संपला. घरच्या माणसाला खरं सांगितलं आणि बाकीच्यांना यादी वाचायला दिली. मेव्हण्याने बोली लावली नाही, त्याचं बघून गावातल्या दुसऱ्या दोघांनीही माघार घेतली. एवढं मोठं यंत्र आणि घेणारं कुणी नाही. तेव्हा ती पुढे आली.

ती गावाच्या पूर्वेच्या बौद्धवस्तीतली, बत्तीस-तेहतीस वर्षांची. नवरा-बायको आठ हंगाम ऊसतोडीला गेलेले. दिवाळी झाली की ट्रकमध्ये संसार घालायचा, कारखान्याच्या फडावर पाचटाची खोपी, आणि परत यायचं ते उन्हाळ्यात. त्यांची पोरगी दर वर्षी शाळेतून अर्ध्यात उठायची. हुशार होती. त्या वर्षी कारखान्याच्या मुकादमाकडून उचल घ्यायची नाही, कोयता हातात धरायचा नाही, गावातच राहायचं, असं त्या बाईने ठरवलं होतं. तिच्या भावाची मदत होती, स्वतःचं साठवलेलं होतं. तिने ते सगळं या गिरणीत घातलं. गिरणी चालली तर पोरगी शाळेत राहणार, नाही चालली तर पुन्हा ट्रक. इतकं सरळ होतं ते, आणि हे तिने मला स्वतः सांगितलं होतं.

लिलावाच्या दिवशी सकाळी तासभर यंत्र बघायला खुलं होतं. ती नवऱ्याला घेऊन आली. त्याने मोटर बघितली, पट्टा ओढून बघितला. ती मात्र कवचावर हात ठेवून उभी राहिली.

"आप्पा, दगड उघडून दावता का?"

माझ्या हातात पाना होता. खरोखर होता. चार नट काढले असते की झालं.

"यादीत लिहिलंय की, उत्तम म्हणून," मी म्हणालो.

"तुमीच लिहिलंय ना?"

"मीच."

"मग बास," ती म्हणाली.

बोली लावणारी ती एकटी. लिलाव झाल्यावर तिने नवऱ्याला म्हटलेलं मी ऐकलं, "बघा, आपलं नशीब, कुनी आडवंच आलं न्हाई." चेअरमन तिथेच खुर्चीत बसून होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डोळा मारला. ते गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. स्मरणिकेत त्यांच्या फोटोला हार आहे. माणूस मेला म्हणून मी डोळा मारलेला विसरायचा का?

यंत्र वस्तीच्या तोंडाशी नव्या शेडमध्ये बसवलं. बसवून देणं आणि आठ दिवस शिकवणं हे लिलावाच्या अटीत होतं, म्हणून मी रोज जायचो. इतक्या लवकर शिकणारं माणूस मी पाहिलं नाही. पट्टा कसा चढवायचा, दगडांमधलं अंतर आवाजावरून कसं ओळखायचं, पीठ चिमटीत धरून गरम किती ते कसं बघायचं. आणि टाकी मारल्यावर पहिलं दळण माणसाला द्यायचं नाही. कोंडा, सडकी ज्वारी काहीतरी टाकून पायलीभर दळायचं, दगडाची कच त्यात उतरते, आणि ते गुरांना घालायचं. "पहिलं दळण गुरांचं," मी तिला सांगितलं. तिने मान डोलावली. टाकी मात्र मीच मारायचो, कवच तिच्यासमोर कधी उघडलं नाही. तिच्या घरची म्हैस त्या आठवड्यात खूश होती. त्या आठ दिवसांत मी एकदाही सलग एका पोत्याच्या वर दळू दिलं नाही. ती म्हणायची, "आप्पा, जपून वापरा म्हनता, पर यंत्र हाय, लेकरू न्हाई." आणि हसायची.

नारळ फोडला नाही, तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि गिरणी सुरू केली. वस्तीतली दळणं आलीच, पण पहिल्या आठवड्यात गावातल्याही दहा-बारा बाया आल्या. दुसरी गिरणी तीन कोसांवर, कोण जाणार तेवढं चालत? कुणी डबा दुरून ठेवायचं, कुणी पैसे हातात न देता कट्ट्यावर ठेवायचं. पण येत होत्या. मी उभा राहून बघितलंय. अजून एक महिना चांगलं पीठ मिळालं असतं तर त्यांना सवय झाली असती. पोटाला सवय लागली की हळूहळू डोक्याला लागते.

मिळालं नाही. मी जायचं बंद केलं आणि तिने साहजिकच दिवसभर गिरणी चालवली. दगड तापला. सिमेंट सुटलं.

गावातली एक बाई पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांसमोर भाकरीचा तुकडा तोंडात घालून थुंकली. "घ्या! म्हटलं नव्हतं का मी? त्यांच्या हातचं पीठ असंच असायचं." आणखी जे बोलली ते मी कागदावर उतरवणार नाही. दुसऱ्या दिवसापासून गावातले डबे बंद. ज्यांना तिथे जायचंच नव्हतं पण तीन कोस चालायचा कंटाळा होता, त्यांना सोईचं कारण मिळालं. ते कारण मी दोन मुठी सिमेंटात कालवून ठेवलं होतं.

ती चेअरमनकडे गेली. भांडली नाही. म्हणाली, "दगड तापला की पिठात कच येतीया. मला पैसं माघारी नकोत. यादीत उत्तम लिहिलंय, तसा दगड बदलून द्या."

चेअरमनने मला बोलावलं. "आपन पंचांपुढं तपासनी करू. म्हंजे कुनाला बोलायला जागा नको. तू आदल्या दिवशी जाऊन टाकी लावून ये." आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "नीट लावून ये."

मी गेलो. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून सावकाश लिहितो. दुपारची वेळ होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. नवऱ्याला म्हणाली, "आप्पा आलं, आता बघतील." मी म्हणालो, टाकी लावताना कच डोळ्यात उडते, बाहेर थांबा. दार आतून ओढून घेतलं. कवच उघडलं. खड्डा अर्धा रिकामा झाला होता. पिशवीतून आणलेलं सिमेंट मी त्यात भरलं, थापलं, सुकायला वेळ हवा म्हणून तासभर नुसताच छिन्नीचा आवाज करत बसलो. तासाभरात सिमेंट कुठलं सुकतं! पण सकाळपर्यंत दहा शेर दळण्यापुरतं धरेल, हे मला माहीत होतं. मध्येच दारावर थाप पडली. "आप्पा, चहा ठिवलाय." बाहेर आलो तर कपाखाली बशी, बशीवर दुसरी बशी झाकलेली, आतली कच पडू नये म्हणून. मी तो चहा प्यायलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच बसले. पंच कसले, चेअरमन आणि शाळेचे हेडमास्तर. हेडमास्तर गावात शब्द मानला जाणारा माणूस. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नव्हती. त्यांची गाडी पकडायची घाई होती. बाकी गाव शेडच्या बाहेर अर्धवर्तुळात. ती दोन पोती ज्वारी तयार ठेवून उभी होती. वस्तीतल्या घराघरातून गोळा केलेली.

मी आधी कोंडा टाकून दळला, मग दहा शेर ज्वारी. पांढरं, मऊ पीठ पडलं. हेडमास्तरांनी चिमूटभर जिभेवर घेतलं, दातांनी चावून बघितलं.

"स्वच्छ आहे," ते म्हणाले.

"गुरुजी, आता ही दोन पोती दळा," ती म्हणाली. "गार दगडावर काय कळतंय? दगड तापू द्या. तापल्यावर चाखा."

हेडमास्तरांनी माझ्याकडे बघितलं. "काय आप्पा? तुम्ही जाणकार. तापवायला हवा का?"

शेडमध्ये पट्ट्याचा फटफट आवाज चालू होता. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं, आणि तीही. तिच्या नजरेत शंका नव्हती. तिला वाटत होतं, आप्पा म्हणणार, हो, तापू द्या. मी तिला शिकवलेलीच गोष्ट ती बोलत होती.

"गरज नाही," मी म्हणालो.

एवढंच. दोन शब्द. आणि मग, कुणी विचारलंही नसताना, मी पुढे बोललो, "टाकी लावल्यावर पहिलं दळण गुरांना घालायचं असतंय. ह्यांनी ते लोकांना दिलं आसंल. कच त्याची."

"आप्पा!" ती ओरडली. "पहिलं दळण मी म्हशीला घातलंय. दर टायमाला. तुमीच शिकवलं ना मला? बोला की! शिकवलं का न्हाई?"

बाहेरून कुणीतरी म्हणालं, "आता आप्पाला शिकवती का तू?" हशा झाला. "म्हशीला घातलं तर म्हशीचे दात बघा की!" पुन्हा हशा. तिचा नवरा पुढे सरकला, तिने त्याचा दंड धरला.

मी लिहायला बसलो. कागद मीच लिहिला, दुसरं कोण लिहिणार? "यंत्र पंचांसमक्ष चालवून पाहिले. दोष आढळला नाही. खरेदीदाराची यापुढे तक्रार राहणार नाही. वाद मिटला." चेअरमनने शाईचा डबा पुढे केला, अंगठ्यासाठी.

"मला सही येती," ती म्हणाली.

सही केली नसती तर दगड मिळाला नसताच, वर वस्तीतल्या लोकांना सोसायटीचं बी-बियाणं बंद झालं असतं. चेअरमनने तसं आदल्या संध्याकाळी तिच्या नवऱ्याला ऐकवलं होतं. म्हणून तिने केली. चौथीपर्यंत शिकलेली होती, सावकाश, एकेक अक्षर जुळवत केली. आणि सहीच्या खाली पेन न उचलता आणखी तीन शब्द लिहिले.

दगड तापवला नाही.

चेअरमनने वाचून हेडमास्तरांना दाखवलं. हेडमास्तर म्हणाले, "असू द्या, तिचं समाधान." आणि गाडी पकडायला गेले. त्यांनी ते वाचलं होतं. शिकलेला माणूस, त्याला त्या तीन शब्दांचा अर्थ कळला नसेल असं मला कधीच वाटलं नाही.

संध्याकाळी चेअरमन म्हणाले, रजिस्टरात नक्कल कर. मी केली. तिची खालची ओळ गाळली. शेवटी आपल्या मनाने एक वाक्य घातलं, "खरेदीदारास यंत्र चालवण्याचा पुरेसा सराव नाही." तेच पोसत पोसत स्मरणिकेपर्यंत आलं. मूळ कागद जाळायला सांगितला होता. तो जाळायची हिंमत मात्र झाली नाही. घरी ट्रंकेत तळाशी घातला.

आठवड्याभरात भरलेलं सगळं सुटलं. या वेळी नवरा-बायकोने स्वतः कवच उघडलं, खड्डा बघितला, सिमेंटचे तुकडे पदरात बांधून ती सोसायटीत आली. चेअरमनने तिला रजिस्टर दाखवलं. वाद मिटला होता. पुढच्या दिवाळीनंतर ट्रक आला. मी खताच्या गोदामाच्या दारात उभा होतो. भांडी, गोधड्या, कोयते आणि वर पोरगी बसलेली, मांडीवर दप्तर. ट्रक माझ्यासमोरून गेला तेव्हा ती बाई म्हणाली, "येते आप्पा." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मला लोक म्हणतात, आप्पा, जुनं झालं, आता उकरून काय करायचं? मध्यंतरी सुनेने मोबाईलवर मिक्सर मागवला. चित्रात एक आणि आला दुसराच. तिने फोटो काढून पाठवला, चार दिवसांत माणूस येऊन मिक्सर परत घेऊन गेला, सॉरी म्हणाला. मी बघत बसलो. एका मिक्सरसाठी! मग माझा संताप झाला. त्या माणसावर नाही. तपासणी करायची तर दगड तापवून करायची, एवढंच त्या बाईचं मागणं होतं. आम्ही तिघे मिशाळ पुरुष तेवढं देऊ शकलो नाही.

स्मरणिका भिंतीवर फेकल्यानंतर तिसऱ्या दिवशी मी तो मूळ कागद घेऊन वस्तीत गेलो. काठी टेकत. ती दारात बसून मटकी निवडत होती, केस पांढरे, मनगट तोडीने वाकडं झालेलं. नवरा गेला. पोरगी दहावी झाली नाही, तिचं लग्न ऊसतोडीच्या घरात झालं. ती आत्ताही फडावर होती.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खिळा, सिमेंट, मेव्हणा, झाकलेला चहा, गाळलेली ओळ. तिने मटकी निवडणं थांबवलं नाही. शेवटी मी कागद पुढे केला. तिने तो घेतला, लांब धरून वाचला. स्वतःच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"मला हे कशाला सांगता?" ती म्हणाली. "मला त्याच दिवशी ठाव हुतं. गरज नाही म्हनालात ना, तवाच. तुमाला दगडाचं समदं कळत हुतं, म्हंजे तुमी खोटं बोलत हुता."

"माफी मागायला..."

"माफीचं ऱ्हाऊ द्या." आता तिचा आवाज चढला. "मी का चुकले हुते, मला येऊन सांगता? ज्यांनी पीठ थुकलं त्यांना सांगा. टाकीपाशी थुकले हुते, समद्यांसमोर. त्यांना सांगा. त्यांच्या पोरांना सांगा. माझ्या दारात हळूच येऊन काय सांगता?"

तिने कागद माझ्या हातात परत दिला. "हा घेऊन जा. दावा त्यांना."

मी वळलो तेव्हा दाराशेजारी तो दगड दिसला. जमिनीत अर्धा रुतलेला, तोंड वर. तळहाताएवढा खड्डा जसाच्या तसा. त्यात पाणी होतं आणि एक कोंबडी मान वर करून करून ते पीत होती. मी वाकून खड्ड्याच्या कडेवर अंगठा फिरवला. एका कोपऱ्यात माझं सिमेंट अजून चिकटून होतं.

म्हणून हे लिहिलं. ज्यांनी पीठ थुंकलं त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या आईबापांनी थुंकलं त्यांच्यासाठीही. पिठात कच होती ती माझ्या सिमेंटची होती. तिचे हात स्वच्छ होते, तिचं काम चोख होतं, पहिलं दळण तिने दर वेळी म्हशीला घातलं होतं. स्मरणिकेच्या त्या पानावर मी तिचा मूळ कागद चिकटवून सोसायटीच्या कपाटात ठेवायला दिला. नव्या सेक्रेटरीने विचारलं, "आप्पा, याची गरज आहे का?"

आहे.